मूडबोर्डचा कंटाळा, बाही बसवायची हौस : चुकीच्या कोर्सला आलेय का?

तिरपी_टीप (धागाकर्ती)

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

फॅशन डिझाइनच्या पदवीचं दुसरं वर्ष संपत आलंय. पुढच्या महिन्यात स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायचाय. डिझाइन, टेक्स्टाइल, फॅशन कम्युनिकेशन किंवा गारमेंट टेक्नॉलॉजी, यातलं एक. एकदा भरला की बदलत नाहीत. आणि मला तर आता मुळात इथे आलेच का, हेच कळेनासं झालंय.

आले ती चित्रांमुळे. वहीच्या शेवटच्या पानावर लांबच लांब बायका काढायची, सगळे म्हणायचे हिला फॅशनलाच घाला. पहिल्या वर्षी कळलं की माणूस असतं साडेसात डोक्यांएवढं उंच आणि फॅशनच्या चित्रातलं नऊ डोक्यांएवढं. हे वरचं दीड डोकं कुठून आणायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. ते पायांत घालायचं असतं. दोन वर्षं मी पाय लांब करतेय.

मागच्या सबमिशनचा विषय होता 'स्थलांतर'. मी कोट केला. तीन आठवडे त्यावरच होते. मूडबोर्ड, म्हणजे कल्पना दाखवणारा चित्रांचा फलक, आदल्या रात्री केला, पक्ष्यांचे थवे, धूसर आकाश, करड्या रंगाच्या चार पट्ट्या. ज्यूरीने त्या बोर्डवर दहा मिनिटं चर्चा केली. पक्षी 'ढोबळ' आहेत म्हणाले. कोट फॉर्मवर (शिवणाच्या पुतळ्यावर) होता, त्याला कोणी हात लावला नाही. आतून उलटून बघणं तर सोडाच. माझ्या शेजारच्या मुलीने अस्तर चक्क फ्युजिंग टेपने चिकटवलं होतं, तिच्या 'नॅरेटिव्ह'ला वर्गातले सर्वांत जास्त गुण. मत्सर म्हणा हवं तर. आहेच.

आता त्या कोटाच्या बाहीबद्दल सांगते, त्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या भोकाचा घेर होता ४६ सेंटिमीटर आणि बाहीच्या डोक्याचा, म्हणजे तिच्या वरच्या गोल कडेचा ४९. म्हणजे तीन सेंटिमीटर कापड जास्तीचं, आणि ते एकही चुणी न दिसता जिरवायचं. कडेने लांब टाक्यांच्या दोन ओळी घातल्या, दोरा थोडा थोडा ओढत गेले, मग वाफ. पहिल्यांदा खांद्यावर पिशवीच्या तोंडासारख्या चुण्या आल्या. उसवलं. दुसऱ्यांदा पुढे नीट, मागे फुगा. उसवलं. चार वेळा उसवलं, कापडाची कड सुटायला लागली. पाचव्यांदा टाचण्या लावून फॉर्मवर चढवली आणि बाही किंचित पुढे झुकून राहिली, आपला हात मोकळा सोडला की राहतो ना, तशी. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी एकटीच स्टुडिओत हसत उभी.

दोन वर्षांत एवढं समाधान दुसऱ्या कशातच मिळालं नाहीये. पण याला कोणी 'क्रिएटिव्ह' म्हणत नाही. वर्गात गारमेंट टेक्नॉलॉजीला 'फॅक्टरी लाइन' म्हणतात. ती घेतली तर मी हरले असं वाटेल, डिझाइन घेतलं तर आणखी दोन वर्षं पक्षी चिकटवायचे. की सोडूनच देऊ? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

वाचनमात्र

वाचतोय. दीड डोक्याचं गणित आवडलं.

बेधडक_बाबू

सोडून दे! फॅशनमध्ये नाव काढायला फॅशनची डिग्री लागतच नाही. म्युच्चिया प्राडा राज्यशास्त्रात डॉक्टरेट. राफ सिमन्स इंडस्ट्रियल डिझाइनवाला. व्हर्जिल ॲब्लो आधी सिव्हिल इंजिनिअर, मग आर्किटेक्ट. योजी यामामोतो कायदा शिकलेला. अर्मानी डॉक्टर व्हायला निघाला होता. कोर्स हा वेळकाढूपणा आहे, एक मशीन घे आणि घरी काम सुरू कर.

निळी_शाई

+१. कॉलेजात सर्जनशीलता मारतात, शिकवत नाहीत.

जुनी_कात्री

बाबू, ही यादी दर सहा महिन्यांनी कोणीतरी टाकतंच. ती अर्धवट असते म्हणून पुरी करतो. यामामोतो कायदा शिकला हे खरं, पण नंतर आईच्या शिवणाच्या दुकानात काम केलं आणि टोकियोच्या बुन्का फॅशन कॉलेजात रीतसर शिकला. प्राडाबाईंच्या घरात आजोबांच्या वेळेपासूनचा, १९१३ पासूनचा धंदा होता. त्या काही रिकाम्या हाताने आल्या नाहीत. तुझ्या यादीत आणखी एक घाल. अलेक्झांडर मॅक्वीनने सोळाव्या वर्षी शाळा सोडली हे सगळे सांगतात. तो तिथून थेट लंडनच्या सॅव्हिल रोवर कोट शिवायला शिकायला गेला, हे कोणी सांगत नाही. सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेजचं एमए त्यानंतर, १९९२ मध्ये. आणि जे डिग्री सोडून घरी मशीन घेऊन बसले आणि ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांची यादी कोणी ठेवलेली नाही.

आता तिरपी, तुझ्याशी. मी बावीस वर्षं पॅटर्न, म्हणजे कपडा कापायचे साचे काढतोय. कागद, पट्टी, पेन्सिल, आणि गेली काही वर्षं कॉम्प्युटर. 'हे क्रिएटिव्ह नाही' असं तुला कोणी सांगितलं ते सोड, तू स्वतः का मानलंस ते बघ.

मादलेन व्हिओनेचं नाव पहिल्या वर्षी एका स्लाइडवर येऊन गेलं असेल. बाई लहानपणीच शिवणाला लागली, १९१२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचं फॅशन हाउस काढलं. ती चित्र काढून कपडा ठरवायची नाही. एका छोट्या लाकडी पुतळीवर कापड गुंडाळायची, टाचायची, सोडायची. कापड उरेब, म्हणजे ४५ अंशांत धरलं की ताणतं आणि अंगावरून पाण्यासारखं उतरतं. हे शिंप्यांना आधी माहीत नव्हतं असं नाही, पट्ट्यांना वगैरे उरेब वापरतच होते. तिने अख्खा ड्रेस उरेब कापला. हा विचार कागदावर सुचणारा नव्हे, कापड हातात असल्याशिवाय तो येतच नाही.

दुसरी गोष्ट जपानी डिझायनर रेई कावाकुबोची. ही तर फॅशन शिकलेलीच नाही (बाबू, बघ, तुझ्या बाजूचंही सांगतोय). तिने एकदा पॅटर्न काढणाऱ्यांपुढे चुरगळलेला कागद ठेवला आणि असं काहीतरी हवंय म्हणाली. कल्पना तिचीच, मान्य. पण त्या बोळ्याला गळा कुठे, मुंढा कुठे, माणूस त्यात शिरणार कसं, हे ज्याने टेबलावर सोडवलं त्याला तू काय म्हणशील? कारागीर? मी तरी त्याला नुसता कारागीर म्हणणार नाही.

एवढं बोलून आता कडू भाग. या कामात तुझं नाव येत नाही. कॉलर दोन मिलिमीटरने खाली घे, नमुना परत शिव, परत फिटिंग, परत दोन मिलिमीटर वर. साइज वाढवताना छातीचा घेर किती, मुंढा किती, हे आकडे दिवसभर. रात्री पावणेदोनला हसावं असं वर्षातून दोन-तीनदा होतं. तेवढं मला पुरतं. तुला पुरेल का, ते तुझं तुलाच माहीत.

मुलीची_आई

छान चर्चा. माझ्या मुलीलाही फॅशनला जायचंय, चांगलं कॉलेज कोणतं? तिची चित्रकला उत्तम आहे.

वाचनमात्र

ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. आणि चित्रकला उत्तम असेल तर प्रतिसाद देण्याआधी वरचा मूळ लेख वाचा. (हलकं घ्या.)

धुकं

जुनी_कात्री यांचं सगळं पटलं, पण एका गोष्टीत धागाकर्ती फसणार आहे असं दिसतंय, म्हणून लॉगिन केलं.

मीही हीच. शिवायला आवडायचं, चित्रांचा कंटाळा, म्हणून गारमेंट टेक्नॉलॉजी घेतली. तिथे गेल्यावर कळलं की त्या विषयाला कपड्यापेक्षा कपडा बनवणाऱ्या ओळीत जास्त रस आहे. एक कॉलर लावायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचने मोजायचं. त्यावरून ठरलेली मिनिटं काढायची, मग कुठल्या मशीनवर किती माणसं बसवली तर काम तुंबणार नाही त्याचं गणित. एका लांब टेबलावर कापडाचे किती थर अंथरायचे, मार्कर (कापडावर साच्यांची मांडणी) कसा लावला की कापड वाया कमी जाईल. कॉस्टिंग, क्वालिटी, तपासणीचे तक्ते. विषय वाईट नाही. माझी मैत्रीण त्यात रमली, तिला तुंबलेली ओळ मोकळी करण्यात तुझ्या बाहीएवढाच आनंद व्हायचा. मला नाही झाला. दोन वर्षांत मी स्वतःच्या हाताने बाही लावली ती चारदा.

इंटर्नशिपला तर तीन महिने एका ठिकाणी कापडाचे नमुने कातरीने कापून कार्डावर चिकटवत होते. कडा नागमोडी कापायच्या, एवढंच नवीन शिकले. आज मी वेगळ्याच क्षेत्रात आहे आणि बरी आहे. पण शिवणयंत्राचं कव्हर तीन वर्षांत काढलेलं नाही.

तेव्हा बाई, नावावर जाऊ नकोस. पॅटर्न कटिंग आणि गारमेंट टेक्नॉलॉजी एकच, असं समजून फॉर्म भरू नकोस. अभ्यासक्रम उघडून तास मोज.

तिरपी_टीप

धुकं, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला, कारण मी अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडलीच नव्हती. दोन वर्षं नाराज आहे आणि पीडीएफ उघडली नाही, हे लिहितानाही लाज वाटतेय.

काल उघडली. टेक्नॉलॉजीत पॅटर्नचा एकच पेपर, पाचव्या सेमिस्टरला, तोही कॉम्प्युटरवर. बाकी तुम्ही म्हणालात तेच. डिझाइनला मात्र ॲडव्हान्स्ड ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड टाचून कपडा घडवणं) आहे, आणि सहाव्या सेमिस्टरला टेलरिंग ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे दहा मुलं झाली तरच. मागच्या वर्षी झाली नव्हती म्हणे.

म्हणजे मी जिला फॅक्टरी म्हणून घाबरत होते तिथे बाही नाहीच, आणि पक्ष्यांच्या घरात ती आहे. आता डोकं आणखी फिरलंय.

निळी_शाई

मग टेक्स्टाइल का नको? कापडापासूनच सुरुवात. जपानी डिझायनर इसे मियाकेच्या प्लीट्स प्लीज नावाच्या कपड्यांकडे बघ, १९९३ चे. नेहमी प्लीट केलेलं कापड आणून कपडा शिवतात. त्याने उलटं केलं, अडीच-तीन पट मोठा कपडा आधी शिवला आणि मग कागदाच्या थरांमध्ये ठेवून उष्णतेने प्लीट केला. पॉलिएस्टरला तापवून दिलेली घडी टिकते, हा कापडाचा गुण माहीत होता म्हणून हे सुचलं. माणूस मुळात ग्राफिक डिझाइन शिकलेला.

जुनी_कात्री

उदाहरण चांगलं. पण निळी शाई, तीन पट मोठा कपडा असा कापायचा की आक्रसल्यावर गळा गळ्याच्याच जागी यायला हवा. ते काम कोणाचं?

निळी_शाई

तुमचं, तुमचं. जिंकलात.

आधी_कागद

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कारण इथे मूडबोर्डला उगाच झोडपणं चाललंय. मी डिझायनर आहे आणि ज्यूरीतही बसतो (तुझ्या नव्हे, घाबरू नकोस).

तुझ्या कोटाला हात न लावणं ही ज्यूरीची चूक. त्यावर वाद नाही. कपडा आतून न बघता गुण देणारे मलाही सोसत नाहीत. पण तूच लिहिलंयस, कोट तीन आठवडे, बोर्ड एक रात्र. म्हणजे बोर्ड हा तुझ्या मनात दाराशी दाखवायचा पास होता. पक्षी ढोबळ होते, कारण तुला पक्ष्यांचं काहीच पडलेलं नव्हतं. बघणाऱ्याला ते कळतं गं. पहिल्या मिनिटात कळतं.

मला तुझ्या पोस्टमध्ये विषय दिसला तो असा : कापडाचे तीन सेंटिमीटर एका जागेहून निघून, कुठेही न दिसता, दुसऱ्या जागी मुक्कामाला जातात. अगं, विषय 'स्थलांतर' होता ना? तुझ्याकडे चार फसलेल्या बाह्या होत्या. चुण्यांची, फुग्याची, खडूच्या खुणांसकट. त्या उसवून पुन्हा त्याच कापडावर काम केलंस, म्हणजे पुरावा तूच पुसलास. पुढच्या वेळी प्रत्येक प्रयत्नाला मांजरपाटाचा वेगळा तुकडा घे, फसला की तारीख घालून ठेव. बोर्डवर चित्रं चिकटवू नकोस, त्या बाह्या टाच. संशोधन म्हणतात ते यालाच. मासिकातून कापलेल्या आकाशाला नव्हे.

जॅनेट अर्नोल्ड नावाच्या बाईंनी आयुष्यभर संग्रहालयांतले जुने कपडे उघडून, मोजून, एकेका शिलाईसकट त्यांचे आलेख काढले. त्या कपड्यांच्या फॅशनच्या गप्पा खूप जणांनी मारल्या होत्या. शिवण कुठे आहे हे अर्नोल्डबाईंनी पाहिलं. त्यांचे आलेख वापरून आजही नाटकांचे कपडे कापतात. त्यांना नऊ डोक्यांची बाई काढावी लागली नाही.

तेव्हा डिझाइन घे असं माझं मत, पण पक्षी बंद कर.

बेधडक_बाबू

म्हणजे शेवटी सिस्टिमला हवं तेच द्यायचं, फक्त हुशारीने?

आधी_कागद

नाही. तिला हवं तेच द्यायचं, पण झाकून ठेवायचं नाही.

धुकं

हे बोलायला सोपं आहे. ज्यूरीत आधी_कागद नसले तर? मी फसलेले नमुने एकदा दाखवले होते. 'अपूर्ण काम' शेरा मिळाला.

आधी_कागद

होऊ शकतं. ते नाकारत नाही.

जुनी_कात्री

तिरपी, फॉर्मला महिना आहे ना? मग आधी एक कर. कुठलाही विषय, कुठलाही ब्रीफ न घेता फक्त बाह्या लाव. पंधरा दिवस. शर्टाची लाव, तिच्यात जिरवायला जवळजवळ काहीच नसतं, सपाट बसते. मग कोटाची, दोन तुकड्यांची. रॅग्लान, म्हणजे थेट गळ्यापासून निघणारी बाही कर. रोज रात्री झोपताना बघ, कंटाळा आला का. एकदा हसलीस ती बाही जमली म्हणून की उशीर झाला होता म्हणून, ते दहाव्या बाहीला कळेल.

तिरपी_टीप

(अडीच आठवड्यांनी) धागा वर काढतेय, माफ करा. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

अकरा बाह्या झाल्या. बारावी कापून पडलीय. सहावी ते आठवी या तीन अगदी कंटाळवाण्या गेल्या, रॅग्लानमध्ये मला अजिबात मजा आली नाही, कारण तिथे भांडणच नाही, मुंढाच नाही. नवव्या बाहीला पुन्हा दोन तुकड्यांवर आले आणि वेळ कसा गेला कळलं नाही. त्या रात्री हसले वगैरे नाही. सरळ दहावी कापायला घेतली.

मधल्या सबमिशनला आधी_कागद म्हणाले तसं केलं. विषय होता 'स्मृती'. पाच बाह्या बोर्डवर ओळीने टाचल्या, पहिलीपासून, कुठे उसवलं त्या जागी लाल दोरा तसाच ठेवला. कापड दोरा विसरत नाही, भोकं राहतात, एवढंच सांगितलं. एक बाई म्हणाल्या, संकल्पना कुठाय, हे तर प्रॅक्टिकलच्या वहीसारखं दिसतंय. दुसरे सर उठले, जाकीट फॉर्मवरून काढलं, उलटं केलं आणि बराच वेळ बाहीचं डोकं आतून बघत राहिले. काही बोलले नाहीत. गुण मागच्या एवढेच. धुकं, तुमची फार आठवण झाली.

फॉर्म काल भरला. डिझाइन. टेलरिंगच्या ऐच्छिकसाठी मुलं गोळा करतेय, सात झालीत, तीन हवीत. अस्तर चिकटवणारी ती मुलगीही आली. तिने नऊ नंबरची बाही हातात घेऊन विचारलं, हे चुण्यांशिवाय कसं गं केलंस? मत्सर थोडा कमी झालाय, पूर्ण नाही.

जुनी_कात्री, एक विचारायचं होतं. अकराव्या बाहीला कोपराच्या मागून वर खांद्याकडे तिरकी सुरकुती जातेय. घेर बरोबर आहे, तीनदा मोजला. शिलाई पण नीट आहे. काय चुकतंय?

वाचनमात्र

अभिनंदन! तिघांसाठी माझ्या शुभेच्छा.

धुकं

मीही तुझा निकाल बघायलाच आले होते. कव्हर अजून काढलेलं नाही, पण मशीन खिडकीपाशी आणून ठेवलंय.

जुनी_कात्री

बाही चुकलेली नाही, फिरलेली आहे. डोक्यावरची खूण खांद्याच्या शिवणीला लावलीस ना, पुस्तकात असते तशी? तुझ्या फॉर्मचा, म्हणजे ज्याला तो कोट घालायचा त्या माणसाचा हात तिथून लटकत नाही. वरचा अर्धा भाग उसव, खालचा राहू दे. खूण अर्धा सेंटिमीटर सरकव. पुढे की मागे, ते कागदावर ठरवू नकोस, टाचण्या लाव आणि सोडून बघ. ज्या बाजूला सरकवल्यावर सुरकुती नाहीशी होईल ती बाजू. आणि आधी कच्चा टाका घाल, लगेच टीप मारू नकोस. तुला घाई असते.

तिरपी_टीप

उसवतेय.